माझ्याच किडनीची काचपट्टी

खोटे रोगी

केज तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी प्रयोगशाळा परिचर आहे. मुलं मला मामा म्हणतात, सरही मामाच म्हणतात. हजेरीपटावर अंकुश हे नाव वाचलं की हा कोण बुवा, असं कधीकधी मलाच वाटतं.

बारावीच्या जीवशास्त्रात एक प्रयोग असतो, लघवीतली साखर आणि प्रथिनं ओळखायचा. आता एवढ्या पोरांसाठी आजारी माणसाची लघवी कुठून आणायची? म्हणून ती मी बनवतो. पाण्यात ग्लुकोज घातलं की साखरेचा रोगी तयार. अंड्याचं पांढरं घातलं की किडनीचा रोगी तयार. रंगापुरतं दोन थेंब चहाचं पाणी. वीस वर्षं असे खोटे रोगी मी बाटल्यांत भरून, चिठ्ठ्या चिकटवून टेबलावर मांडत आलो, आणि माझ्या रोग्यांनी कधी कुणाला दगा दिला नाही.

गेल्या जानेवारीत प्रात्यक्षिक परीक्षेची तयारी चालली होती. एक नमुना असा हवा होता की त्यात साखर असेल, पण प्रथिनं नसतील. ग्लुकोजचा डबा संपलेला. मला स्वतःला नऊ वर्षांपासून साखर आहे. म्हटलं, घरचाच रोगी हाताशी असताना बाजारात कशाला जा? बाटली भरली. साखरेची नळी झकास विटकरी झाली. मग प्रथिनं नाहीत एवढी खात्री करायची म्हणून दुसरी नळी ज्योतीवर धरली, आणि नळीचा वरचा भाग पांढराफटक झाला. ॲसिटिक आम्लाचा थेंब टाकला तरी पांढरेपणा हटेना.

मला वाटलं नळीला जुनं अंडं चिकटलं असेल. घासून धुतली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा नवी कोरी नळी घेतली. मी बनवत आलेल्या खोट्या रोग्यापेक्षा हा खरा रोगी जास्त घट्ट निघाला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. पण सवय अशी वाईट की आधी तिन्ही नळ्या धुऊन स्टँडला लावल्या, दिवा विझवला, आणि मगच स्टुलावर बसलो.

घरी आल्यावर मंगलला, म्हणजे बायकोला, सांगितलं. ती म्हणाली, "मी चार दिसांपून म्हणायलेय, तोंड सुजलंय तुमचं. तुमी म्हणता झोप जास्त झाली." पायातले मोजे काढले तर घोट्याच्या वर मोज्याचा काठ छापलेला होता. तो मी आठवडाभर पाहत होतो आणि मोजे घट्ट म्हणून मोज्यांना शिव्या देत होतो.

पिशवी

केजच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि कागद हातात देऊन अंबाजोगाईला पाठवलं. तिथले किडनीचे डॉक्टर शांत माणूस. क्रिएटिनिन नावाचा आकडा एकच्या आसपास हवा, माझा चारला टेकला होता. मी विचारलं, "साखरेमुळं का?" ते म्हणाले, "साखरेनं किडनी खराब होते हे खरं. पण ती हळूहळू होते, वर्षानुवर्षं. तुमचा मागच्या दिवाळीचा रिपोर्ट बरा आहे. डोळ्याचे पडदेही स्वच्छ आहेत. मला हे जुळत नाही. किडनीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघू."

मग त्यांनी विचारलं, आणखी काय औषधं घेता. मी म्हटलं, साखरेची आणि बीपीची, बस. ते म्हणाले, घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा.

मंगल कामाला पक्की. तिने पिशवी आणली ती भाजीची मोठी. साखरेच्या, बीपीच्या गोळ्या, तिच्या स्वतःच्या कॅल्शियमच्या, वाळून गेलेलं डोळ्याचं औषध, खोकल्याच्या दोन बाटल्या, बामची डबी. उंदराचं औषध तेवढं तिने घरी ठेवलं. डॉक्टरांनी एकेक वस्तू टेबलावर काढली. बाम पाहून म्हणाले, "दुखतं का काही?"

"पाठ धरते अधूनमधून. बाम लावतो," मी म्हटलं. त्यांनी डबी बाजूला ठेवली. आम्ही दोघंही त्या दिवशी खरं बोललो असंच समजून बाहेर आलो. पुढे तपासायला आलेल्या आणखी दोन डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला. त्यांनाही मी तेच उत्तर दिलं, छाती पुढे काढून.

एक कोयता

किडनी खराब म्हटलं की आपल्याकडे माणसं थेट डायलिसिसवर आणि तिथून बदलण्यावर जातात. मधलं काही कुणाला सुचत नाही. मलाही सुचलं नाही. मी मोठ्या भावाला फोन केला.

लक्ष्मणदादा आणि कौसावहिनी तेव्हा ऊसतोडीला गेलेले, कारखान्याच्या फडावर. आमचं सगळं घराणंच तोडीचं. मी शाळेत टिकलो आणि नोकरीला लागलो म्हणून माझा कोयता सुटला, दादाचा नाही सुटला. फोनवर त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारसुद्धा न करता म्हणाला, "माजी घे. दोन हायत की."

मागून वहिनींचा आवाज आला. "न्हाई. न्हाई द्यायची."

दादाने फोनवर हात ठेवला असणार, पण हात काही भिंत नव्हे. वहिनी म्हणत होत्या, "एक कोयता म्हंजी आमी दोगं. ह्यांची किडनी काढली तर मोळी कोण उचलनार? ह्यांचा हात बसला तर माजा बी बसला." तोडीत नवरा-बायकोच्या जोडीलाच एक कोयता म्हणतात. एकटा माणूस तिथे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला कुणी कामावर घेत नाही.

वहिनींचं चुकलं होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. पण मंगलला वाटलं. तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि बंद केला. त्या दिवसापासून तिने वहिनींचं नाव टाकलं. दादाचा फोन आला तर "भावाशी बोला" म्हणून मोबाइल माझ्याकडे सरकवायची आणि उठून भांडी आपटायला लागायची. आजार माझ्या किडनीत होता, पण सूज सगळ्या घराला आली होती.

खरं सांगतो, मी फार घाबरलो होतो. वरून सगळ्यांशी थट्टा करायचो. दवाखान्यात भरती झाल्यावर बाथरूममध्ये गेलो, नळ मोठा सोडला आणि पोटभर रडलो. बाहेर आलो तर मंगल म्हणाली, "पाणी वाया घालू नका, बाहेर लाइन लागलीय." तिने ऐकलं होतं, हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं.

शेवई

ज्यांना बायोप्सी करायची आहे त्यांच्यासाठी हा भाग. घाबरू नका. मी घाबरलो, त्याचा काही उपयोग झाला नाही.

पालथं झोपवतात, पोटाखाली उशी देतात. पाठीवर गार जेली लावून सोनोग्राफीने किडनी शोधतात. बधिर करायची सुई टोचते, तेवढंच दुखणं. मग डॉक्टर म्हणतात, श्वास धरा. श्वास धरला की टक असा आवाज होतो, आपण स्टेपलर दाबतो तसा. सोडा म्हणतात. असं दोनदा झालं. मी मान वळवून म्हटलं, "तुकडा बघू का?"

"झोपून राहा," डॉक्टर म्हणाले. पण सिस्टरने बाटली माझ्या डोळ्यांसमोर धरली. आत शेवईचा तुटका तुकडा असावा तसं काहीतरी तरंगत होतं. एवढ्याशा शेवईवर माझं पुढचं आयुष्य ठरणार होतं. मी सिस्टरला म्हटलं, "बाटलीवर नाव नीट लिवा. आन् झाकण पक्कं लावा, द्रावण उडतं." ती म्हणाली, "काका, तुम्ही पेशंट आहात की साहेब?"

त्यानंतर उताणं पडून राहायचं, उठायचं नाही, लघवीत रक्त येतंय का ते बघायचं. मंगल प्रत्येक बाटली खिडकीपाशी उजेडात धरून निरखायची. नवऱ्याची लघवी एवढ्या प्रेमाने बघणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही. एकदाही लाल आली नाही. पाठ मात्र दोन दिवस ठणकत राहिली. मला वाटलं, सुईमुळे असेल.

चहाबरोबरची

रिपोर्टच्या दिवशी डॉक्टर डायलिसिसच्या वॉर्डात अडकले होते. पॅथॉलॉजी विभागात चौकशी करा, असं कळलं. तिथे एक मॅडम सूक्ष्मदर्शकावर वाकून बसल्या होत्या. मी नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमचीच बघतेय. थोडं थांबा."

मी दारातच उभा राहिलो. वीस वर्षं मी सूक्ष्मदर्शक पुसतोय, काचपट्ट्या लावतोय, कांद्याची साल बघायला पोरांच्या रांगा लावतोय. माझी स्वतःची काचपट्टी समोर आणि मी दारात, हे काही मला सोसेना. म्हटलं, "मॅडम, मला बघू द्याल का? मी कॉलेजात लॅबला आहे."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग खुर्ची सरकवली.

मी आधी हात शर्टाला पुसले. मग कमी शक्तीचं भिंग आणलं, जागा शोधली, मग मोठं भिंग लावलं आणि बारीक चाकाने हळूच जुळवलं. मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला येतं की. आमच्या पोरांना शिकवा." आयुष्यातलं माझं सर्वांत मोठं कौतुक ते, आणि मी त्या वेळी स्वतःची किडनी बघत होतो.

गुलाबी, जांभळा पसारा दिसत होता. मधे मधे गोल गुंते, दोऱ्याच्या गुंड्यासारखे. मॅडम शेजारी उभ्या राहून सांगायला लागल्या. "हे गोल दिसतात ना, या किडनीच्या चाळण्या. साखरेनं यांच्या भिंती थोड्या जाड झाल्यात, पण फार नाही. यांच्यावर माझा संशय नाही. आता पट्टी जरा डावीकडे घ्या. नळ्यांच्या मधली जागा बघा. ती मोकळी हवी."

ती मोकळी नव्हती. निळ्या ठिपक्यांची नुसती गर्दी, आणि त्यांत लाल दाण्यांच्या काही पेशी. सोमवारच्या बाजारात दाटी व्हावी तशी.

"ही लाल दाण्यांची मंडळी उगाच येत नाहीत," मॅडम म्हणाल्या. "बरेचदा कुठल्यातरी औषधावर शरीर चिडलं की येतात. हे ताजं आहे, जुने व्रण फारसे नाहीत. काका, काय घेता तुम्ही?"

"साखरेची आणि बीपीची."

"अंगदुखीचं काही?"

"नाही, बाम लावतो फक्त."

मंगल दारात पिशवी धरून उभी होती. ती सहज म्हणाली, "अवो, मग ती चहाबरची?"

मॅडमनी हळूच विचारलं, "चहाबरोबर काय?"

इथे मला थांबून समजावून सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल हा माणूस लबाड आहे. फडावर पहाटे चूल पेटते, चहा उकळतो आणि चहाबरोबर ठणक्याची गोळी सगळ्यांच्या हातावर पडते. तिच्यावाचून कंबर सरळ होत नाही आणि कोयता उचलत नाही. मी सोळाव्या वर्षी आईबापाबरोबर गेलतो, तेव्हापासून घेतली. फड सुटला, गोळी सुटली नाही. सकाळचा चहा आणि गोळी. गेल्या दिवाळीनंतर कॉलेजात कपाटं हलवली, पाठ जास्त धरली, तेव्हापासून दोन, तीन. तिचं पाकीट आमच्या घरात चहा-साखरेच्या डब्यांपाशी असतं. औषधाच्या फळीवर ते कधी नव्हतंच. म्हणून पिशवीत आलं नाही. औषध म्हणजे आजारी पडल्यावर घ्यायचं ते. ही आम्ही आजारी नसताना घेत होतो. तीन डॉक्टरांनी औषधं विचारली, आणि चहाबरोबर काय खाता हे त्यांना कसं सुचावं?

मॅडम काही रागावल्या नाहीत. खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही लपवलंत ते इथं सगळं लिहिलेलं आहे."

"लपवलं न्हाई, मॅडम. इसरलोबी न्हाई," मी म्हटलं. घाबरलो की माझी गावाकडची बोली बाहेर येते. "मला ती गोळी औषध हाय असं कधी वाटलंच न्हाई."

आकडा

संध्याकाळी किडनीचे डॉक्टर भेटले. रिपोर्ट वाचताना त्यांचा चेहरा उजळत गेला. साखरेने झालेलं होतं ते तसंच राहणार, पण ते थोडं होतं. वरचं सगळं त्या गोळ्यांचं. गोळ्या आजपासून बंद, काही आठवडे स्टिरॉइड, आणि त्याने साखर चढेल म्हणून तेवढ्यापुरतं इन्सुलिन. "बदलण्याची गोष्ट आता डोक्यातून काढा," ते म्हणाले.

पुढचे दिवस सुखाचे होते असं नाही. साखर चढली, भूक अशी लागायची की मंगलने भाकरीचं टोपलं माझ्यापासून लपवलं. पाठ तर रोज भांडायला यायची. पण सूज उतरली. चेहऱ्याचं हाड पुन्हा दिसायला लागलं. आकडा चारवरून तीनच्या खाली आला, मग दोनच्या. बारावीची प्रात्यक्षिकं मी चुकवली, एवढी एक खंत. त्या वर्षी अंडी दुसऱ्या कुणीतरी फोडली आणि म्हणे बलकासकट बाटलीत घातली.

दादाला फोन केला. "तुझी लागणार नाही," म्हटलं.  तो नुसतं "बरं झालं, बरं झालं" करत राहिला. मग वहिनींनी फोन घेतला.

"भावजी, मी न्हाई म्हणले व्हते. तुमाला ऐकू गेलतं, मला ठाव हाय."

"बरोबरच म्हणालात, वहिनी."

"बरोबर असंल. पर ते मला रोज टोचायलंय."

मी त्यांना गोळीचं सगळं सांगितलं. काचपट्टीवरची गर्दी सांगितली. दोघांनीही आजपासून बंद करा, म्हणालो. वहिनींनी ऐकून घेतलं आणि साध्या आवाजात विचारलं, "मग सकाळी उठायचं कसं, भावजी?"

 तोच प्रश्न मी नंतर डॉक्टरांना विचारला. म्हणाले, निदान रोज नको, उपाशीपोटी नको, पाणी भरपूर पिऊ द्या, आणि परत आले की सगळ्यांचं रक्त तपासू. हे मी इथे लिहितोय ते तेवढ्यासाठीच. मला बरं वाटलं ही काही फार मोठी बातमी नाही. पण डॉक्टरांनी काय औषध घेता विचारलं, तर चहाबरोबर घेता तेही सांगा.

बाकावर

पट्टा पडला, म्हणजे तोडीचा हंगाम संपला, आणि टोळी परत आली. दादा, वहिनी आणि टोळीतली आणखी काही माणसं मी अंबाजोगाईला घेऊन गेलो. मंगलही आली, पण गाडीत खिडकीपाशी तोंड करून बसली. वहिनी मागच्या सीटवर. दोघींच्या मधे मी आणि एक टरबूज.

बाकीच्यांचे रिपोर्ट बरे निघाले. दादाचाही बरा. वहिनींचा आकडा वर होता. माझ्याइतका नाही, पण वर. डॉक्टर त्यांना समजावत होते की वेळेत कळलं, गोळी सोडली तर उतरेल, पुन्हा तपासू. वहिनी हातातला कागद उलटा धरून वाचल्यासारखं करत होत्या. त्यांना वाचता येत नाही.

मंगल माझ्या शेजारून उठली. डॉक्टरांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "डॉक्टरसाहेब, जाऊबाईला किडनी लागली तर माजी घ्या. मला साखर न्हाई."

डॉक्टर चष्मा काढून म्हणाले, "अहो बाई, कुणाला कुणाची काही द्यायची नाही. गोळी तेवढी सोडा."

बाहेर आल्यावर वहिनी बाकावर टेकल्या. मग म्हणाल्या, "आगं मंगल, कावून म्हणलीस तसं? मी तर न्हाई म्हणले व्हते."

"तुमी न्हाई म्हणलात म्हणून मी बी न्हाई म्हणू का?" मंगल म्हणाली.

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. मंगलने त्यांचा तो उलटा धरलेला कागद काढून घेतला, नीट घडी घातली आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवला. जानेवारीपासूनचं साठलेलं सगळं बोलत दोघी गाडीकडे चालायला लागल्या, आणि मी, आजारी माणूस, दोघींच्या पिशव्या उचलून त्यांच्या मागे निघालो.